गॅपमधला पिक्चर

परीक्षेचं वेळापत्रक नोटीस बोर्डावर लागलं की आमच्या होस्टेलची पोरं आधी गॅप मोजत. कोणता पेपर कधी, हे नंतर. एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, आणि फ्लुइड मेकॅनिक्स यांच्या मध्ये दोन दिवस, फ्लुइड आणि थर्मोच्या मध्ये तीन, त्यात एक रविवार फुकटचा. बोर्डासमोर उभं राहून बोटांवर हिशोब करणारं पोरगं लांबून बघणाऱ्याला फार गुणी वाटे. ते पिक्चर कुठे बसतोय ते बघत असे.

ही गोष्ट २००५-०६ च्या सुमाराची. नगर जिल्ह्यात, चारी बाजूंनी ऊस आणि मध्ये आमचं इंजिनिअरिंग कॉलेज. साखर कारखान्याचा गळीत हंगाम आणि विद्यापीठाची हिवाळी परीक्षा साधारण एकाच वेळी उभी राही. त्यामुळे अजूनही कुठे मळीचा वास आला की मला लाप्लास ट्रान्सफॉर्म आठवतो. गच्चीवर वाळत घातलेल्या बनियनवर बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची, काळी राख पडायची, आणि तेच बनियन घालून पेपरला जायला कुणाला काही वाटायचं नाही. थिएटर तालुक्याच्या गावाला. सहा ते नऊचा शो पाहिला तर परतीला एसटी नाही, मग उसाचा ट्रॅक्टर आडवायचा. एकदा असे परत आलेले दोघे पाचट झटकत थेट पेपरला बसले होते. म्हणून पिक्चर पाहायचा तो रूमवरच.

अख्ख्या मजल्यावर पीसी एक. मालक नागपूरचा. एरवी त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नसे, पण पीएल, म्हणजे परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी, लागली की त्याच्या चहाचे पैसे दुसरं कुणीतरी देऊ लागे. जर्नलं आपोआप लिहून होत. पंधरा इंची मॉनिटर, ४० जीबीची हार्ड डिस्क आणि कॉटखाली ठेवलेला एक वूफर. त्यावर रेक्टर सरांसाठी म्हणून गोधडी टाकलेली असे. ती टाकली की संवाद ऐकू येत नसत आणि काढली की सर येत.

आता मुख्य मुद्दा. घरच्यांना आम्ही सांगत असू की सारखा अभ्यास करून डोकं जड होतं, मग थोडा पिक्चर पाहतो, फ्रेश वाटतं. यातलं एक अक्षर खरं नाही. मुळात डोकं जड होण्याइतका अभ्यास झालेलाच नसे, आणि फ्रेश वाटलेला माणूस मी त्या रूममधून बाहेर पडताना कधी पाहिला नाही. एकट्यानं पिक्चर पाहिला आणि विषय राहिला, तर तो पोरगा उनाड. दहा-बारा जणांनी मिळून पाहिला आणि विषय राहिला, तर पेपर आउट ऑफ सिलॅबस. म्हणून माणसं जमवावी लागत. पिक्चरच्या तीन तासांत मजल्यावरचा कुणीही अभ्यास करत नाही, याची खात्री त्या रूममध्येच मिळायची. समाधान काय ते तेवढंच, पडद्यावर काहीही चालो.

आणि पडद्यावर काहीही चालायचं. निवडीचे नियम कडक होते. रडका पिक्चर नको, कारण परीक्षेत आधीच माणूस हळवा झालेला असतो. इंग्रजी नको, सबटायटल वाचायला लागतात आणि वाचायचंच असेल तर फ्लुइडचं पुस्तक काय वाईट? चांगला तर अजिबात नको. चांगला पिक्चर डोक्यात राहतो, जागा अडवतो. तो निवांत पाहायचा असतो, परीक्षा झाल्यावर. असे सगळे चांगले पिक्चर नागपूरकराच्या डी ड्राइव्हवर 'आफ्टर एक्झाम' नावाच्या फोल्डरमध्ये जमा होत गेले. गॅपमध्ये लागायचा तो दक्षिणेतून डब होऊन आलेला किंवा मुंबईत बनून थेट तालुक्याला पाठवलेला माल. हिरो एका बुक्कीत सहा जणांना उडवी आणि त्यातला न्यूटनचा कितवा नियम मोडला यावर मागच्या कॉटवर वाद होई. तेवढीच उजळणी.

सीडी तालुक्याच्या पार्लरमधून भाड्यानं आणायची. दिवसाला दहा रुपये, डिपॉझिट वेगळं, आणि डिपॉझिट म्हणून कॉलेजचं आयकार्डही चाले. एका व्हीसीडीवर सव्वा तासाच्या आसपास मावायचं, त्यामुळे आपला तीन तासांचा पिक्चर तीन सीड्यांवर यायचा. या तिघींमधली मधली नेहमी घासलेली निघे. ती का, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. पहिल्या सीडीत हिरो लहानाचा मोठा होतो, तिसरीत बदला घेतो. तो बदला कशाचा, ते सगळं दुसरीत. मग शर्टाच्या टोकानं पूस, फुंकर मार, असे इलाज. सातारकरानं एकदा टूथपेस्ट लावून पाहिली. सीडी चालली नाही, पण रूमला दोन दिवस पुदिन्याचा वास आला आणि मळीपासून सुटका झाली.

पुणे विद्यापीठाचा पेपर ज्यांनी सोडवलाय त्यांना त्यावरच्या सूचना पाठ असतील. पेपर शंभराचा, तीन तासांचा, दोन सेक्शन, दोन्हींच्या उत्तरपत्रिका वेगळ्या, पास व्हायला ४०. लॉग टेबल, मोलियर चार्ट, स्टीम टेबल आणि स्लाइड रूल वापरायला परवानगी. स्लाइड रूल, म्हणजे आकडेमोडीची सरकती पट्टी, आमच्यापैकी कुणी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. एखाद्यानं खरंच आणली असती तर सुपरवायझरांनी ती हत्यार म्हणून जप्त केली असती. आणि शेवटची सूचना: 'अझ्यूम सुटेबल डेटा, इफ नेसेसरी.' म्हणजे गणितात एखादी किंमत दिली नसेल तर आपल्या मनानं योग्य ती धरा आणि पुढे चला. चार वर्षांच्या शिक्षणातली ही एकच गोष्ट आम्ही पुरेपूर वापरली. मधली सीडी अडकली की नागपूरकर ती बाहेर काढायचा आणि जाहीर करायचा, "सुटेबल डेटा अझ्यूम करा बे!" मग सगळे मिळून गोष्ट जुळवत. एका पिक्चरमध्ये हिरोचा भाऊ तिसऱ्या सीडीत दिसलाच नाही. आम्ही त्याला शहीद केला, त्यावर बहिणीचं लग्न मोडलं आणि खलनायकाच्या नावावर गिरणी केली. पुढे बऱ्याच वर्षांनी रविवारी दुपारी टीव्हीवर तो मधला भाग पाहायला मिळाला. भाऊ नुसता दुबईला गेला होता. आमचंच बरं होतं.

बरं, पिक्चर लागला म्हणून सुटलो असंही नाही. बसायची जागा म्हणजे दोन कॉट, एक खुर्ची आणि खाली चटई. आणि एकदा बसलं की उठायची सोय नाही. कुणी उठला की बारा जोड्या डोळे पडद्यावरून त्याच्याकडे वळत.

"कुठं चालला?"

"पाणी प्यायला."

"बाटली इथंच आहे की."

"गार पाहिजे."

डिसेंबरात गार पाणी! जळगावकर असाच एकदा गार पाण्याला गेला आणि दहा मिनिटं झाली तरी येईना. पिक्चर थांबवला. चौघं शोधायला निघाले. गडी गच्चीवर, टाकीजवळच्या दिव्याखाली, हातात लोकल ऑथरचं पुस्तक. इतका राग मी नंतर कुठल्याही दगाफटक्याचा पाहिला नाही. "आम्ही इथं तुझ्या भरवशावर बसलोय रे!" असं सातारकर खरोखर म्हणाला, आणि त्याचा आवाज भरून आला होता. जळगावकराला खाली आणून बरोब्बर मधोमध बसवला, म्हणजे परत उठायचं तर चार जणांना तुडवावं लागेल. पुढचा पिक्चर त्यानं मान खाली घालून पाहिला. पोटात पुस्तकाचं पान दडवलंय का, म्हणून शेजाऱ्यानं मध्येच त्याचं स्वेटर चाचपून घेतलं.

भिंतीपलीकडच्या रूमवर आमचा टॉपर राहायचा. त्याच्यापुढे मजल्याचं काही चालायचं नाही. वूफरवरची गोधडी खरं तर त्याच्यासाठीच काढली जाई, सरांनी पकडलं तरी चालेल. पण तो पठ्ठ्या कानात कापूस घालून बसे. बोलवायला गेलं तर गोड हसून म्हणे, "गाणं लागलं की हाक मार रे." गाणं लागलं की आम्ही ते पळवत असू. त्यामुळे चार वर्षांत त्यानं एकही पिक्चर पाहिला नाही आणि नकारही कधी दिला नाही. आज तो मोठ्या पदावर आहे, हे वेगळं सांगायला नको.

या सगळ्यात जीवघेणी गोष्ट एकच. पिक्चर रंगात आलेला असतो, नायिकेचा बाप शेवटचे श्वास मोजतोय, आणि अंधारातून कुणीतरी सहज विचारतो, "बर्नोलीचं डेरिव्हेशन येणारे का रे?"

संपलं. बाप मेला तरी तिकडे कुणाचं लक्ष नाही.

"ते मी ऑप्शनला टाकलंय."

"ऑप्शनला? डोकं फिरलंय का? प्रत्येक पेपरात येतं ते."

"मागच्या पेपरात आलंय, म्हणून तर टाकलं."

"रिपीट होतं लेका!"

इथून पुढे पिक्चर चालू असतो, पण रूममध्ये फक्त गणितं चाललेली असतात. कुणाचे किती युनिट झाले, कुणाचे किती राहिले, झोप चार तास धरली तर उरले किती. पडद्यावर लग्न लागतं, मूल होतं, पोलीस नेहमीप्रमाणे शेवटी येतात. पाहणाऱ्यांपैकी कुणाला विचाराल तर त्या मुलाचा बाप कोण, हेही सांगता येणार नाही. तरी उठत कुणीच नाही. पहिला उठेल त्यानं अभ्यास केला असं होईल, आणि तो कलंक कोण लावून घेणार?

त्यात भारनियमन. त्या काळात खेड्यापाड्यात दिवसाचे कितीतरी तास वीज जायची आणि तिचं वेळापत्रक पेपरच्या वेळापत्रकाशेजारीच मेसच्या भिंतीवर चिकटवलेलं असायचं. आठवड्यागणिक पाळी बदलायची. त्यामुळे पिक्चर लावताना दोन्ही कागद जुळवावे लागत, आणि जुळवूनही क्लायमॅक्सला वीज जायची ती जायचीच. मग यूपीएस पीं-पीं करायला लागे. तो जेमतेम दहा मिनिटं तग धरायचा. तेवढ्यात उरलेला पाऊण तास पाहायचा म्हणजे पळवत पाहायचा. आम्ही पाहिलेले सगळे खलनायक भराभर हातपाय झाडत, एक शब्द न बोलता मेले.

एकदा अशीच वीज गेली. यूपीएस बंद पडला आणि मिट्ट अंधारात दारावर टकटक. रेक्टर सर, हातात टॉर्च. टॉर्चचा झोत एकेका तोंडावरून फिरला. बारा जण, दोन कॉट, पेपरला दोन दिवस.

"काय चाललंय?"

"ग्रुप स्टडी, सर," सातारकर म्हणाला. अंधारात खोटं बोलायला त्याला नेहमी बरं पडे.

सरांचा चेहरा दिसत नव्हता, पण गळा दाटलेला कळला. त्यांच्या दहा-बारा वर्षांच्या रेक्टरकीत वीज गेल्यावरही ग्रुप स्टडी चालू ठेवणारी बॅच त्यांना भेटली नव्हती. ते आत आले, खुर्चीवर बसले. मेणबत्ती मागवली. सर आम्हाला फ्लुइडच शिकवायचे. "कुठवर आलात?" त्यांनी विचारलं. आम्ही खलनायकाच्या अड्ड्यावर आलो होतो. कुणीतरी चाचरत "बाउंड्री लेयर" म्हणाला, कारण तेवढाच शब्द आठवला. पुढचा दीड तास सरांनी मेणबत्तीच्या उजेडात, सीडीच्या कव्हरच्या पाठीमागे आकृत्या काढत बाउंड्री लेयर शिकवला. मध्ये वीज आली, मॉनिटर उजळला आणि डेस्कटॉपवरची नटी बाराच्या बारा जणांकडे बघून हसली. नागपूरकर तिच्यापुढे पाठ करून उभा राहिला आणि सर जाईपर्यंत तसाच उभा होता. तो प्रश्न पेपरात आला, आठ मार्कांना. तेव्हापासून पिक्चर पाहण्याला आमच्याकडे एक शैक्षणिक पाया मिळाला आणि पुढचे सगळे गॅप आम्ही त्या एका उदाहरणावर काढले. कव्हर मात्र आकृत्यांनी भरल्यामुळे पार्लरवाल्यानं डिपॉझिटमधून वीस रुपये कापले.

शेवटचा पेपर टीओएमचा, म्हणजे थिअरी ऑफ मशीन्सचा. तो संपला त्या संध्याकाळी मेस बंद, अर्धं होस्टेल एसटी स्टँडवर. उरलेल्यांनी ठरवलं, आज 'आफ्टर एक्झाम' उघडायचं. गोधडी नाही, घाई नाही, वीजही होती, हे आणखी नवल. फोल्डरमधला सगळ्यात चांगला, सगळ्यांनी सहा महिने नाव घेतलेला पिक्चर लागला. दहा मिनिटांनी सातारकर उठला. कुणी काही विचारलं नाही. तो दारात जरा घोटाळला, कुणीतरी "कुठं चालला?" म्हणेल म्हणून थांबला, मग गेला. मागून जळगावकर गेला, पाणीबिणी न सांगता सरळ बॅग भरायला. टॉपर तेवढा डोकावला आणि गाणं लागलं का विचारून गेला. पहिला तास संपायच्या आत रूममध्ये नागपूरकर आणि मी.

पडद्यावर फार सुंदर काहीतरी चाललं होतं. नागपूरकरानं मोठी जांभई दिली आणि पिक्चर थांबवला.

"तू पाहून रायला का?"

"नाही रे. तुझ्यासाठी बसलोय."

"मी तुह्यासाठी बसलो ना बे!" त्यानं खिडकी बंद केली, कॉटखालचा वूफर काढला. "डिस्क फुल झाली आहे. हा फोल्डर उडवून टाकू का?"

मी म्हटलं, उडव. त्यानं माऊस हातात घेतला, जरा विचार केला आणि पीसीच बंद करून टाकला.

"राहू दे. पुढच्या परीक्षेनंतर पाहू."