उसने पैसे बुडाले तर पोलीस ठाणं गाठा?

‘उसने दिलेले पैसे बुडाले तर दिवाणी कोर्टाच्या नादी लागू नका. पोलिसांत गुन्हा नोंदवा. फौजदारी कोर्ट वरचं असतं, तेच वसुली करून देतं. तिथे आरोपी सुटला तर मात्र दिवाणी दावाही करता येत नाही.’ आमच्या कळव्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर हा मेसेज पुन्हा फिरतोय. तो चुकीचा आहे आणि त्यातून लोकांचं नुकसान होतं.

फौजदारी कोर्ट वरचं नसतं. ठाण्यात कोर्टनाक्याला दालनांबाहेरच्या पाट्या वाचा. ‘जिल्हा न्यायाधीश’ आणि ‘सत्र न्यायाधीश’ ही एकाच व्यक्तीची दोन पदं: दिवाणी अपील ऐकताना पहिलं, खुनाचा खटला चालवताना दुसरं. खालच्या पायरीवरही दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर हेच बहुधा फौजदारी खटले चालवणारे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी असतात. अपिलाच्या दोन्ही वाटा पुढे मुंबई उच्च न्यायालयातच पोचतात.

आता वसुली. फौजदारी खटला सरकार विरुद्ध आरोपी असा चालतो, दंड सरकारजमा होतो. भरपाईचा आदेश कोर्ट देऊ शकतं, पण खटला असतो शिक्षेसाठी. शिवाय नुसते पैसे न फेडणं म्हणजे फसवणूक नव्हे. घेतानाच बुडवायचा इरादा होता हे दिसावं लागतं. म्हणून पोलीस ‘हा दिवाणी मामला आहे’ म्हणतात तेव्हा ते अनेकदा बरोबर असतात. पैशासाठी दावा, हुकूमनामा म्हणजे कोर्टाचा निर्णय, मग दरखास्त म्हणजे तो अमलात आणण्याचा अर्ज, आणि जप्ती, हाच रस्ता. लांबचा आहे, हे मान्य.

खरा घात मुदतीत होतो. हातउसन्या रकमेचा दावा सहसा पैसे दिल्यापासून 3 वर्षांत लावावा लागतो आणि पोलिसांकडच्या अर्जाने ही मुदत थांबत नाही. शेजारच्या काकूंनी माझ्यासमोर प्लास्टिकच्या पिशवीतून अर्जांच्या पोचा काढल्या, सगळ्या शिक्क्यानिशी, तारीखवार लावलेल्या. शेवटची पोच मिळाली तोवर 3 वर्षं उलटून गेली होती.

चेक वटला नसेल तर प्रकरण फौजदारी होतं, पण तेही पोलिसांकडे नाही, थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. बँकेने कळवल्यापासून 30 दिवसांत नोटीस, समोरच्याला पैसे द्यायला 15 दिवस, मग महिन्याभरात तक्रार.

सुटकेचं म्हणाल, तर फौजदारीत गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. दिवाणीत कोणाचं म्हणणं अधिक संभाव्य ते पाहतात. तिथे सुटलेला इथे देणं लागू शकतो.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून कोणी थांबलं असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी तिथे मोफत वकील मागता येतो.