हिरव्या पानाची पिशवी कशी वापरावी

ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात कापडी पिशवी घेऊन जाण्याचा गावंढळपणा आता सोडा. ती दारामागे लटकतेय तिथेच बरी आहे. शिवाय एकदा ओली मेथी नेली की धुवावी लागते. भाजीवाल्या मावशींकडे हक्काने कॅरीबॅग मागा. पालिकेची गाडी दिसते का म्हणून त्या इकडेतिकडे बघतील, तर धीर द्या : 'मावशी, बायोवाली आहे ना? मग काय भ्यायचं!' वर हिरवं पान छापलंय ना, झालं तर. बारीक अक्षरात कंपोस्टेबल, म्हणजे खत होऊन कुजणाऱ्या प्लास्टिकचं मानक आयएस १७०८८ आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा प्रमाणपत्र क्रमांक असावा लागतो म्हणे, पण गर्दीत चष्मा कुठे शोधणार? साध्या कॅरीबॅगला केंद्राच्या नियमात १२० मायक्रॉन जाडीची अट आहे, कंपोस्टेबलला ती नाही. त्यामुळे दोन किलो बटाट्यांतच ती राम म्हणते. मग एकात एक घालून दोन घ्या. पुण्यही दुप्पट.

घरी आल्यावर तिच्यातच ओला कचरा भरा. घंटागाडीवरचा माणूस ती फाडून कचरा ओततो आणि पिशवी सुक्यात भिरकावतो, कारण ही कुठली नि ती कुठली हे नुसतं बघून त्यालाच काय, कुणालाच कळत नाही. पुढे ती पुनर्वापराच्या प्लास्टिकमध्ये मिसळून तो मालही बिघडवेल. ते आपल्या गेटबाहेरचं.

सोसायटीच्या खतकुंडीत टाकणार असाल तर उत्तमच. मानकाच्या चाचणीत ५८ अंशांच्या आसपास, कुजायला १८० दिवसांपर्यंत मुदत असते. ठाण्यात मे महिन्यात जीव नकोसा होतो तरी पारा चाळिशीपाशीच घुटमळतो. तेव्हा कुंडीला सहा महिने सतत ताप आणायची जबाबदारी सेक्रेटरींवर टाका. नाहीतरी मेंटेनन्स घेऊन ते करतात काय? आणि डंपिंगच्या ढिगाखाली गेली तर हवा नसल्यामुळे कुजता कुजता मिथेन सोडेल. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट तापदायक. म्हणजे कुजली तरी पंचाईत, पण तुम्हाला 'कुजणारी'च हवी होती.

नुसतं 'बायोडिग्रेडेबल' लिहिलेली मिळाली तर सोडू नका. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अशी पिशवी तीन वर्षं मातीत आणि समुद्रात ठेवली, तरी बाजारहाट पेलण्याइतकी धड निघाली. एवढी हमी मिक्सरलाही मिळत नाही! कंपोस्टेबल मात्र समुद्रात तीन महिन्यांत दिसेनाशी झाली, मातीत सत्तावीस महिन्यांनीही होती.

मग खाडीच बरी, नाही का? ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, फ्लेमिंगो येतात, जागा पवित्रच. निर्माल्य पिशवीत भरा, गाठ घट्ट मारा, खाडीपुलावर गाडी कडेला घ्या. कठड्याला जाळी असेल तर जरा जोर लावून वरून भिरकवा. मागचा हॉर्न वाजवेल. वाजवू दे, त्याच्याही डिकीत एक असेलच.