100 सीसी म्हणजे 100 मिली पेट्रोल? मग टाकी दोन सेकंदांत रिकामी!

एक मजकूर सगळीकडे फिरतोय: "100 सीसीचं इंजिन एका फेरीत 100 मिली पेट्रोल पितं. जितके सीसी जास्त, तितकी ताकद जास्त. आणि बोअर करून (सिलिंडर आतून खरवडून मोठा करून) घेतलं की 100ची गाडी 125 होते." सीसी म्हणजे घन सेंटिमीटर, म्हणजेच मिली: पिस्टन सिलिंडरमध्ये जेवढ्या जागेत सरकतो, तेवढं आकारमान. आता तिन्ही विधानं तपासू.

आधी पेट्रोल. स्प्लेंडरचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, 50 मिमी. स्ट्रोक, म्हणजे पिस्टन वरून खाली येतो ते अंतर, 49.5 मिमी. सेंटिमीटरमध्ये 0.7854 (म्हणजे पायचा चौथा भाग) × 5 × 5 × 4.95 केलं की 97.2 सीसी. (व्यासालाच त्रिज्या समजणाऱ्यांना 389 मिळतात, आणि ते छातीठोकपणे सांगतातही!) फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच श्वास घेतं, म्हणजे 6000 आरपीएमला (मिनिटाला 6000 फेऱ्या) सेकंदाला 50 वेळा. दर वेळी 97 मिली पेट्रोल गेलं असतं, तर 9.8 लिटरची टाकी दोन सेकंदांत कोरडी झाली असती. आत जाते ती मुख्यतः हवा. एक ग्रॅम पेट्रोल जळायला साधारण 14.7 ग्रॅम हवा लागते. त्यामुळे थ्रॉटल पूर्ण पिळला तरी एका वेळचं पेट्रोल मिलिलिटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास.

ताकदीचं म्हणाल, तर रॉयल एनफिल्डची क्लासिक 350 आणि चाकणला बनणारी केटीएमची ड्यूक 200 शेजारी ठेवा. दोघींचा बोअर 72 मिमीच. स्ट्रोक मात्र 85.8 आणि 49 मिमी, म्हणून एक 349 सीसी, दुसरी 199.5. तरी क्लासिकची शक्ती सुमारे 20 बीएचपी आणि ड्यूकची 25च्या घरात. आखूड स्ट्रोकचं इंजिन 10,000 आरपीएमपर्यंत पळतं; क्लासिकची कमाल शक्ती 6100लाच मिळते. पण सीसीला काहीच अर्थ नाही, असंही नाही. क्लासिकचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा पीळ, 27 न्यूटन-मीटर, तोही 4000 आरपीएमला. डबलसीट घाट चढताना मी तीच गाडी मागेन.

राहिला बोअर. 0.50 ओव्हरसाइझ, म्हणजे अर्धा मिमी मोठा, पिस्टन टाकला की 50चे 50.5 मिमी होतात आणि सीसी 99.1. वाढले जेमतेम दोन. त्याच स्ट्रोकवर 125 हवे असतील तर 56.7 मिमीचा पिस्टन लागेल. स्लीव्हमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीत, तेवढं खरवडण्याइतकं लोखंड आहे का, हे मशीनवाल्यालाच विचारा. बोअर केल्यावर जुनी गाडी जोरात ओढते हे खरं, पण ते पिस्टनच्या झिजलेल्या रिंगांमधून गळणारं कॉम्प्रेशन (दाब) परत मिळाल्यामुळे.