दाढ कुठल्या राज्यात येते?

आज दुपारी आमच्या फॅमिली ग्रुपवर बेळगावातल्या वडगावच्या मावशीचा व्हॉइस मेसेज आला. "कोण ओळखीचा दाताचा डॉक्टर हाय काय बघा गे. डाव्या बाजूच्या दाढेत लई ठणकूलालंय, रात्री डोळ्याला डोळा न्हाई." एवढंच. त्यावर पुण्यात स्थायिक झालेल्या आमच्या एका भावजींचं उत्तर आलं: "दोन वेळा ब्रश करायची सवय लावून घ्या, मग अशी वेळ येत नाही." खाली हात जोडलेला इमोजी.

ग्रुपवर लिहिलं असतं तर पुढच्या लग्नकार्यात तोंड दाखवायची पंचाईत झाली असती, म्हणून इथं लिहितेय. भावजी फेसबुकवर नाहीत. कुणी स्क्रीनशॉट पाठवलाच तर माझी हरकत नाही.

मावशी कांड्या भरते. वडगाव-शहापूरकडच्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. पॉवरलूमला सूत पुरवायला कांड्या, म्हणजे सूत गुंडाळायच्या बारीक नळ्या, भरून द्याव्या लागतात, आणि जेवढ्या कांड्या तेवढे पैसे. दात दुखतोय म्हणून बसलं तर त्या दिवसाचं काही नाही. लवंग दाढेत धरून ती सकाळपासून कामावर बसलेली असणार, हे मी इथं बसून सांगू शकते. मेडिकलमधून "दाताची गोळी" आणलेली असणार. कसली गोळी, किती दिवस, काही विचारायचं नाही. ठणका थांबला की गोळी बंद.

हो, मावशीनं तरुणपणी मशेरी लावली. निपाणी इतकी जवळ, तंबाखू घरोघरी, तिच्या पिढीतल्या निम्म्या बायकांनी लावली. मशेरी वाईटच. मान्य. पुढं जाऊया का?

कारण मला गेल्या वर्षीची उजवी दाढ आठवते. तीसुद्धा अशीच ठणकली होती. शेजारणीला घेऊन मावशी एका खासगी दवाखान्यात गेली. कुठल्या ते विचारू नका. एसी, टीव्हीवर पांढऱ्याशुभ्र दातांच्या जाहिराती, बाहेर "हप्त्याची सोय उपलब्ध" असा बोर्ड. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, चिठ्ठीच्या मागं आकडे मांडले. नस काढून रूट कॅनाल एवढ्याला, वर कॅप तेवढ्याला, कॅपमध्ये अमुक प्रकार घेतला तर आणखी एवढे. बेरीज दहा हजारांच्या घरात. मावशीनं त्याचा हिशेब तिच्या पद्धतीनं केला: "एका दाढेत पाच महिन्यांची गृहलक्ष्मी गेली की गे!" (गृहलक्ष्मी म्हणजे कर्नाटक सरकारकडून घरच्या बाईला दर महिन्याला मिळणारे पैसे.) आणि डॉक्टरांना म्हणाली, काढूनच टाका. काढायला काही शे रुपयांत भागलं.

सांगा मला, ही कसली निवड?

दाढ वाचण्यासारखी होती, हे त्याच डॉक्टरनं त्याच चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. पैसे असते तर वाचली असती. गरिबाच्या दाताला या शहरात एकच उपचार आहे, पकड. ज्याच्याकडं पैसे आहेत त्याचा दात भरतात, ज्याच्याकडं नाहीत त्याचा उपटतात, आणि वर त्याला ब्रश कसा करायचा ते शिकवतात.

दाढ काढली म्हणजे विषय संपला असं लोकांना वाटतं. संपत नाही. बाजूचा दात त्या खळग्याकडं कलायला लागतो, समोरची वरची दाढ खाली उतरायला लागते, फटीत अन्न अडकतं आणि तिथं नवी कीड. चावायचं सगळं दुसऱ्या बाजूनं. मावशी वर्षभर भाकरी डाव्या बाजूनं खातेय. आज ठणकतेय ती डावी बाजू.

डॉक्टर मंडळी माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत, त्यांना राग येईल. बरं बाबा, खुर्ची महाग, मटेरियल महाग, जागेचं भाडं महाग, खासगी कॉलेजात शिकायला घरच्यांनी कर्ज काढलेलं. खरं आहे. पण मग दर भिंतीवर लावायला काय जातं? आपल्याकडं केपीएमई, म्हणजे खासगी दवाखान्यांसाठीचा कर्नाटकाचा कायदा, २००७ पासून आहे. खासगी दवाखान्यानं आपले दर दर्शनी जागी लावायचे, असं त्यात आहे. मी तरी भिंतीवर गणपती बघितलेत, बालाजी बघितलेत, डॉक्टरांचा सत्कार होतानाचे फोटो बघितलेत. दरांचा बोर्ड शोधावा लागतो. खुर्चीत आडवं पाडून, तोंड उघडं ठेवून, वर दिवा लावून मग आकडा सांगायचा. त्या अवस्थेत माणूस घासाघीस काय करणार, त्याला बोलताही येत नाही!

आणि कॅपचं तर विचारूच नका. "रूट कॅनाल एवढ्यात" असं ऐकून लोक जातात, कॅपचे पैसे वेगळे हे अर्धं काम झाल्यावर कळतं. नस काढलेली दाढ ठिसूळ होते, कॅप नाही बसवली तर तुटू शकते, म्हणून ती टाळताही येत नाही. मागच्या दाढेला साधी धातूची कॅप बहुतेकांना चालते. दिसायला चंदेरी, पण तिथं बघतंय कोण? हे आपणहून सांगणारे डॉक्टर आहेत. थोडे आहेत. त्यांना माझा नमस्कार.

आता सरकारांकडं येते. सरकारांकडं, कारण आम्हाला दोन आहेत ना! सीमाभागातल्या ८६५ गावांवर महाराष्ट्राचा दावा, कर्नाटक सोडायला तयार नाही, २००४ पासून सुप्रीम कोर्टात खटला. त्याच ८६५ गावांसाठी महाराष्ट्रानं २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायची ठरवली, तर कर्नाटकानं हरकत घेतली. केवढे अग्रलेख, केवढ्या बैठका. इकडं कर्नाटकाची आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक आहेच. म्हणजे मावशीच्या तब्येतीसाठी दोन राज्यं भांडतायत. पण तिच्या किडलेल्या दाढेचं रूट कॅनाल या योजनांत बसत नाही. जबडा मोडला, तोंडात गाठ झाली, तर पॅकेज आहे. दाढ किडली तर तुमची तुम्ही बघा. म्हणजे कीड जबड्यापर्यंत पोचू द्यायची आणि मग कार्ड घेऊन यायचं. खासगी विमा काढलेल्यांनीही हुरळून जाऊ नका, साध्या पॉलिसीत दात बहुतेक वेळा अपघात झाला तरच धरतात.

कर्नाटकानं दंतभाग्य नावाची योजनाही आणली. बीपीएल कार्डवाल्या म्हाताऱ्या माणसांना फुकट कवळी. चांगली योजना आहे, नावं ठेवत नाही, कवळीमुळं कितीतरी जण चार घास नीट खाताहेत. पण बघा की गंमत! एकेक दात जात असतो तेव्हा सरकार येत नाही. सगळे गेले की कवळी घेऊन दारात हजर.

सरकारी दवाखान्यात दातांचा डॉक्टर नसतो असं नाही. असतो. पण एक माणूस, बाहेर रांग, तिथं रूट कॅनालच्या तीन-चार बैठका कोण देणार? तिथंही शेवट बहुतेक पकडीवरच. आणि सरकारी डेंटल कॉलेज म्हणाल तर कर्नाटकात बेंगळुरू, बळ्ळारी. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद). आम्हाला त्यातल्या त्यात जवळ गोव्याचं बांबोळी. घाट उतरून जायचं दाढेसाठी. आमच्यावर हक्क सांगणाऱ्यांनी आधी दाढ कुणाच्या हद्दीत येते ते ठरवा बुवा.

लिहिता लिहिता जरा शांत झाले. चहा घेतला. आता कामाचं सांगते, कारण नुसता आरडाओरडा करून मावशीची दाढ थांबणार नाही.

आपल्या बेळगावात दोन डेंटल कॉलेजं आहेत, केएलईचं आणि मराठा मंडळाचं. दोन्ही खासगी. तरी विद्यार्थ्यांच्या हातून काम करून घेतलं की खर्च बाहेरच्यापेक्षा खूप कमी येतो. माझी स्वतःची दाढ अशीच एका विद्यार्थिनीनं केलीय. केरळची पोरगी. तिला मराठी येत नव्हतं, मला मल्याळम येत नव्हतं, दोघींचं हिंदी सारखंच मोडकं. "आंटी, पेन आया तो लेफ्ट हँड ऊपर करो" एवढ्यावर आमचा संसार चालला. प्रत्येक टप्प्याला ती थांबायची, सर येऊन बघायचे, सही करायचे, मग पुढं. वेळ लागतो, अर्धा दिवस जातो. पण घाईघाईत गुंडाळत नाहीत. या पोरांना ठरावीक कामं पूर्ण करून दाखवल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही, त्यामुळं त्यांना पेशंटची आपल्यापेक्षा जास्त गरज असते. परीक्षा जवळ आली की फोन करून बोलावतात. माझी दाढ झाली त्या दिवशी त्या पोरीला माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला होता. जाताना म्हणाली, आंटी, इस साइड से चना मत खाना अभी. आईसुद्धा एवढं सांगत नाही.

मावशीला हे सगळं मी उजव्या दाढेनंतर सांगितलं होतं. तिचं म्हणणं, "शिकूलालेली पोरं न्हवं ती? माझ्या तोंडात शिकायचं व्हय?" हसू आलं, पण तिचं चुकलं असंही म्हणवत नाही. खिशात पैसे असणाऱ्याला असली भीती बाळगायची वेळच येत नाही. शिवाय अर्धा-अर्धा दिवस, तो पण तीन-चार वेळा. बसचं म्हणाल तर शक्ती योजनेमुळं बायकांना तिकीट नाही, आधार कार्ड दाखवलं की झालं. पण त्या वेळात न भरलेल्या कांड्यांचे पैसे कुठल्या योजनेत मिळतात? स्वस्त उपचार म्हणजे नुसती काउंटरवरची पावती नाही. संध्याकाळी ओपीडी ठेवा, रविवारी ठेवा, वडगावात एखादी खुर्ची टाका, मग बघा किती दाढा वाचतात. कॉलेजं गावोगावी शिबिरं घेतात, हे कबूल. तिथं तपासतात, चिठ्ठी देतात, "कॉलेजला या" म्हणतात. आणि कॉलेजला यायचं म्हणजे परत रोजगार बुडवूनच.

भावजींचा आत्ता मला पर्सनलवर मेसेज आला. "गैरसमज नसावा, काळजीपोटी लिहिलं." नसावा म्हटल्यावर नाही. माणूस वाईट नाही. मावशीच्या ऑपरेशनच्या वेळी पहिले पैसे त्यांनीच पाठवले होते, हेही लिहून टाकते, नाहीतर मलाच झोप लागायची नाही. पण भावजी, गेल्या दिवाळीत तुमचं दाताचं इम्प्लांट झालं तेव्हा आम्ही कुणी ब्रशबद्दल काही बोललो होतो का?

तर ठरलंय असं. मावशीला मी फोन केला, तोंडानं नाही नाही म्हणत शेवटी तयार झाली. बुधवारी सकाळी लवकर डेंटल कॉलेजला निघणार, केसपेपरच्या रांगेत आधी नंबर लागावा म्हणून. गाडीत मागं जागा आहे. वडगाव, खासबाग, शहापूरकडच्या कुणाच्या घरात दाढ धरून बसलेली आई-मावशी-काकी असेल तर मेसेंजरवर सांगा, जाता जाता घेते. आधार कार्ड, रेशन कार्ड, जुना एक्स-रे असेल तर तो आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी बरोबर द्या. शुगर-बीपी असेल तर तिथं लपवू नका म्हणावं. आणि खाऊन यायला सांगा, उपाशीपोटी इंजेक्शन घेऊन चक्कर आली तर मला एकटीला दोघीतिघींना सावरायला जमायचं नाही.

कमेंटमध्ये ब्रशवर कुणी लिहिलं तर डिलीट करणार. रेट लिहा. रूट कॅनाल किती, कॅप कसली आणि किती, गल्ली कुठली. दवाखान्याचं नाव नको, भांडणं नकोत.