दुखते तिथेच दुखणे असते, असे नाही

गेल्या वर्षी जवळजवळ अडीच महिने माझ्या चेहऱ्याची उजवी बाजू दुखत होती. ठणका वरच्या जबड्यात, गालाच्या हाडाखाली जाणवायचा, कधी कानशिलापर्यंत चढायचा आणि रात्री आडवे झाले की हमखास वाढायचा. ज्या वरच्या दाढेवर मी बोट ठेवले तिच्यात जुने, खोल फिलिंग होते, एक्स-रेमध्ये ते नसेच्या अगदी जवळ दिसत होते, आणि तेवढ्या पुराव्यावर त्या दाढेचे रूट कॅनाल झाले. दुखणे तसूभरही कमी झाले नाही. गोळ्या बदलून झाल्यावर शेजारची दाढ उघडून पाहण्याचा विषय निघाला, तेव्हा मात्र मी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. तिथे जे पाहिले त्यावरून माझे ठाम मत झाले आहे की, वेदना नेमक्या त्याच दातातून निघते आहे हे तपासून पटेपर्यंत, तो दात कोरण्याची किंवा उपटण्याची परवानगी रुग्णाने देऊ नये.

दुसऱ्या डॉक्टरांनी पहिली पंधरा मिनिटे एकाही हत्याराला हात लावला नाही. कळ किती सेकंद टिकते, गरमाने येते की गाराने, झोपेतून जाग येते का, चावताना दुखते की चावा सोडताना, असे ते विचारत राहिले. मग त्यांनी गारेगार केलेला कापसाचा बोळा वरच्या आणि खालच्या एकेका दाताला लावला. खालच्या एका दाढेला तो लागताच जी कळ उठली ती बोळा काढल्यावरही बराच वेळ रेंगाळली, आणि गंमत म्हणजे ती मला वर, गालातच जाणवली. त्यांनी खालच्या जबड्यात भुलीचे इंजेक्शन दिले. काही मिनिटांत वरचा गाल शांत झाला, वरच्या जबड्याला सुई लागलेली नसतानाही! शेवटी, भूल उतरल्यावर, त्या दाढेच्या एकेका उंचवट्यावर छोटी पट्टी ठेवून चावायला लावले, तेव्हा दाब सोडताना सणक आली. दाढेला तडा होता. असे बारीक तडे एक्स-रेमध्ये बहुधा दिसतच नाहीत.

हे कसे घडते, ते मी नंतर समजून घेतले. चेहऱ्याची संवेदना वाहणाऱ्या ट्रायजेमिनल नर्व्हच्या तीन शाखा असतात. वरचे दात दुसऱ्या शाखेवर आणि खालचे तिसऱ्या शाखेवर असतात. या शाखांचे निरोप मेंदूच्या देठात पुष्कळदा त्याच पेशींपाशी पोहोचतात, त्यामुळे निरोप कुठून आला याबद्दल मेंदूची गफलत होते. मात्र उजवीकडच्या दाताची कळ सहसा डावीकडे जात नाही. शिवाय दाताच्या आतल्या नसेला दुखणे कळते, पण जागा सांगता येत नाही. सूज मुळाभोवतीच्या तंतूंपर्यंत पोहोचली की मगच 'हाच तो दात' असे खात्रीने म्हणता येते. म्हणून सुरुवातीच्या काळात रुग्णाच्या बोटावर फार विसंबून राहता येत नाही. पहिल्या डॉक्टरांना मी दोष देते तो एवढाच, की त्यांनी माझ्या बोटावर विश्वास ठेवला.

काही वेळा तर दुखणे दाताचे नसतेच. वरच्या मागच्या तीन-चार दाढा एकदम दुखत असतील, सर्दी झालेली असेल आणि वाकल्यावर ठणका वाढत असेल, तर सायनसकडे पाहावे. सकाळी उठल्यावर जबडा आखडलेला असेल तर रात्री दात खाण्याची सवय आणि चावण्याचे स्नायू तपासून घ्यावेत. सर्वात वाईट फसवणूक ट्रायजेमिनल न्यूराल्जियात, म्हणजे खुद्द या ट्रायजेमिनल नसेच्याच दुखण्यात होते. तोंड धुताना, दात घासताना किंवा नुसता वारा लागला तरी विजेच्या धक्क्यासारखी कळ येते, काही सेकंदांपासून फार तर दोन मिनिटांत जाते आणि पुन्हा येते. जॉन फॉदरगिल या डॉक्टरांनी 1773 मध्ये या दुखण्याचे सविस्तर वर्णन केले होते, तरी आजही अनेकांचे चांगले दात यापायी उपटले जातात. बहुतेकांच्या बाबतीत मेंदूच्या देठाजवळ एखादी रक्तवाहिनी या नसेवर दाब देत असते. त्यावर कार्बामाझेपिन हे औषध 1960च्या दशकापासून वापरले जाते, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे लागते.

तात्पुरत्या आरामाबद्दलही थोडे लिहिते. नस सुजल्यामुळे होणाऱ्या वेदनेवर अँटिबायोटिक काहीही करत नाही, तरी ते मागणारे रुग्ण आणि लिहून देणारे डॉक्टर दोन्ही मुबलक आहेत. पोट, मूत्रपिंड, दमा किंवा रक्त पातळ करणाऱ्या औषधांची अडचण नसेल तर आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल ठरलेल्या मात्रेत एकत्र घेतल्याने बहुतेकांना चांगला उतार पडतो. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर ठेवू नये, कारण तिने कातडी भाजते.

गालाला किंवा जिभेखाली सूज, ताप, तोंड न उघडणे, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास यांपैकी काही असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. चालताना किंवा जिने चढताना जबडा दुखून थांबल्यावर कमी होत असेल तर आधी हृदय तपासावे. पन्नाशीनंतर चघळताना जबडा थकून दुखू लागला आणि कानशील हुळहुळे झाले, तर डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवावे, कारण त्यामागे रक्तवाहिनीची सूज असेल तर दृष्टी जाऊ शकते.

माझ्या खालच्या दाढेचा तडा सुदैवाने मुळापर्यंत गेलेला नव्हता. तिचे रूट कॅनाल करून वर कॅप बसवली आणि आठवड्याभरात गाल दुखायचा थांबला. वरच्या दाढेलाही कॅप बसवावी लागली, कारण नस काढून कोरलेला मागचा दात तसाच ठेवला तर तो फुटण्याची भीती असते.