पहिली वीट कोणी फेकली?

जून आला की सोलापुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरू लागतो: 'स्टोनवॉलच्या दंगलीत पहिली वीट कोणी फेकली हे त्यांनाच माहीत नाही. बाकीच्या घटना ना पेपरात, ना सरकारी कागदात. क्वीअर (समलिंगी, ट्रान्स वगैरे) लोकांचा इतिहास म्हणजे कुणी सांगेल ते लिहून घेतलेलं.'

आधी वीट. न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल इन या क्वीअर लोकांच्या बारवर 28 जून 1969 च्या मध्यरात्रीनंतर, सव्वाच्या सुमारास पोलिसांची धाड पडली आणि दंगल उसळली. विटेचं श्रेय बहुतेक जण क्वीअर कार्यकर्ती मार्शा पी. जॉन्सनला देतात. तिनेच पुढे मुलाखतीत सांगितलं, की ती पोहोचली दोनच्या सुमाराला आणि दंगल तोवर पेटलेली होती. ही मुलाखत कुणी दडवलेली नाही, आजही ऐकायला मिळते. 'व्हिलेज व्हॉइस' या तिथल्या साप्ताहिकाचा एक वार्ताहर त्या रात्री बाहेर गर्दीत होता, दुसरा आत पोलिसांसोबत अडकलेला. दोघांनी पाहिलेलं एकसारखं असेलच कसं? जुने कागद आणि जबान्या जपणारा अभिलेखपाल इथे निवाडा करत बसत नाही. कोण बोललं, घटनेनंतर किती वर्षांनी बोललं, तेव्हा कुठे उभं होतं, हे टिपून तो दोन्ही जबान्या शेजारी ठेवतो.

पेपरात नाही म्हणजे घडलंच नाही? सॅन फ्रान्सिस्कोच्या कॉम्प्टन्स कॅफेटेरियात ऑगस्ट 1966 मध्ये ट्रान्स स्त्रिया पोलिसांना भिडल्या. इतिहासकार सुझन स्ट्रायकर यांना त्याचा उल्लेख सापडला तो 1972 च्या प्राइड मोर्च्याच्या, म्हणजे क्वीअर लोकांच्या अभिमान मोर्च्याच्या कार्यक्रमपत्रिकेत. मग त्यांनी माणसं शोधून जबान्या घेतल्या. नेमका दिवस मिळाला नाही, म्हणून नोंदीत अजूनही नुसता 'ऑगस्ट' आहे. अंदाजाने तारीख ठोकून दिली नाही, यानेच माझा त्या नोंदीवर विश्वास बसतो.

आणि सरकारी कागदाचा आग्रह सोलापूरकराने तरी धरू नये. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे यांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फासावर चढवलं. इंग्रजांच्या दप्तरी ते पोलिसांचे मारेकरी. चार हुतात्मा चौक म्हणताना आपण ते दप्तर प्रमाण मानलं का? 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली हिजड्यांच्या नोंदवह्या पोलिसांनीच ठेवल्या. त्या फाडायच्या नाहीत, पण कुणाच्या हातच्या आहेत ते सोबत लिहायचं.

राहिलं 'सांगेल ते लिहून घेतात'. हो, घेतात, पण सांगणाऱ्याची संमती घेऊन आणि दुसऱ्या पुराव्याशी ताडून. बेंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलमध्ये असा एक क्वीअर संग्रह आहे. मजकूर पुढे ढकलणाऱ्याने एकदा तिथे जाऊन यावं. उद्यान एक्सप्रेस सोलापूरवरूनच जाते.