रोदँने पाहिलेला नटराज

फ्रेंच शिल्पकार ऑग्युस्त रोदँ भारतात कधीच आला नाही. तरी मद्रासच्या सरकारी म्युझियममधल्या चोळकालीन नटराजावर त्याच्याइतकं जीव लावून फार थोड्यांनी लिहिलं असेल. १९१३ साली त्याच्यापुढे होते ते फक्त फोटो. त्यावरून त्याने ‘शिवाचं नृत्य’ हा छोटा, तुटक, जवळजवळ कवितेसारखा लेख लिहिला. तो छापून आला १९२१ मध्ये. रोदँ १९१७ मध्येच गेला होता.

हा किस्सा सांगताना आपल्याकडे एक सूर हमखास लागतो: बघा, एवढ्या मोठ्या युरोपियन शिल्पकारानेही वाखाणलं! मला हा सूर अजिबात पटत नाही. नटराजाला कुणाच्या शिफारशीची गरज नाही. मोलाचं आहे ते रोदँचं बघणं. तो ओठांपाशी थांबतो, पायांपाशी थांबतो, समोरून बघतो, मग बाजूने. आपल्याला डमरू, अग्नी, पायाखालचा बुटका असुर अपस्मार, सगळं पाठ असतं. अर्थ सांगून झाला की आपण पुढच्या मूर्तीकडे वळतो, आणि वाकलेल्या गुडघ्यावर सगळा तोल कसा पेलला आहे हे बघायचं राहूनच जातं. काहीजण म्हणतील, शैव तत्त्वज्ञान माहीत नसताना त्याला काय कळणार? पण आयुष्यभर मातीत हात घालून माणसाचं शरीर घडवलेल्याला ते गुडघ्यातून कळतं, असं मी ठामपणे म्हणेन. १९०६ मध्ये कंबोडियाच्या नर्तकी फ्रान्समध्ये आल्या, तेव्हा त्यांची चित्रं काढण्यासाठी तो पॅरिसहून त्यांच्यामागे थेट मार्सेयला गेला होता. नाचणारं शरीर त्याचा ध्यासच होता.

दोघांचं माध्यम ब्राँझच, पण रीत किती वेगळी! चोळांच्या मूर्तिकाराने मूर्ती मेणात घडवली, वर माती लिंपली, मेण वितळवून धातू ओतला आणि साचा फोडला. त्या साच्यातून दुसरी मूर्ती निघणं शक्यच नाही. रोदँच्या मूळ प्रती मात्र प्लास्टरच्या. त्यावरून अनेक ब्राँझ ओतता येतात. म्हणून त्याचा ‘विचारवंत’ हा पुतळा जगभरच्या म्युझियममध्ये भेटतो, आणि ‘नरकाचं दार’ हे त्याचं भव्य शिल्प तर त्याच्या हयातीत ब्राँझमध्ये ओतलंच गेलं नाही, ते ओतलं गेलं त्याच्या मागे.

आपल्या कलाशाळांमध्ये नटराज शिकवताना हा लेख वाचायला द्यायलाच हवा. मूर्तीची कथा त्यानंतर सांगा. आधी मुलांना तासभर नुसतं त्या पायांचं रेखाटन करू द्या, समोरून, बाजूने, आणि जमलं तर मागूनही.